बियाण्यापुरते धान्य

हृदयाची झडप बदललेला किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेला माणूस ज्या घरात असतो, त्या घराला 'वॉरफरिन' हे नाव बहुधा नवे नसते. रक्त गोठू न देणारी ही गोळी. तिचे पथ्य कडक. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचे, पालेभाज्या एकदम वाढवायच्या नाहीत की एकदम तोडायच्या नाहीत, विचारल्याशिवाय दुसरे औषध घ्यायचे नाही. याच द्रव्याने जगभर उंदीरही मारले जातात, हे कळले की घरातली माणसे थोडी दचकतात. नावाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

त्या नावातला 'अरिन' हा कूमरिन या रसायनाच्या नावातून आला. आधीचा 'वॉरफ' म्हणजे एका संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे: विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन, थोडक्यात 'वार्फ'. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी काढलेला हा निधी. औषधाला वनस्पतीचे नाव मिळते, गावाचे मिळते, कधी संशोधकाचेही मिळते. संशोधनाचा खर्च उचलणाऱ्या निधीचे नाव मिळावे, हे विरळाच. हा निधी का काढावा लागला, त्याने काय साधले आणि कुठे तो घसरला, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यामागचा प्रश्न आज आपल्या विद्यापीठांपुढेही तसाच उभा आहे.

प्रश्न असा. ज्या कल्पनेला अजून पुरावा नाही, तिच्यावर पैसे कुणी घालायचे? कारखानदाराला दोन वर्षांत विकता येईल अशी वस्तू हवी असते. सरकारला जमाखर्चाला उत्तर द्यायचे असते. अनुदान समितीला प्राथमिक निष्कर्ष हवे असतात, आणि प्राथमिक निष्कर्ष काढायलाच तर अनुदान हवे असते. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असा हा न्याय. शोध सिद्ध झाल्यावर त्याच्याभोवती गर्दी होते. तो नुसती शंका असतो त्या दोन-चार वर्षांत मात्र संशोधक एकटा असतो.

*

गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या धुरकट औद्योगिक शहरांत मुडदूस हा मुलांचा नेहमीचा आजार होता. पाय धनुकलीसारखे वाकत, छातीचा पिंजरा बेढब होई. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आहे. उत्तरेकडच्या हिवाळ्यात ते ऊनच नसे. बर्लिनमधल्या कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने 1919 मध्ये अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुलांना ठेवून मुडदूस बरा करून दाखवला होता. कॉड माशाच्या यकृताचे तेलही गुणकारी होते. त्यातल्या गुणकारी घटकाला 1922 मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी 'ड' जीवनसत्त्व हे नाव दिले. पण दिवा महाग आणि तेलाचा वास असह्य.

विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन येथे, विद्यापीठाच्या शेतकी विभागात हॅरी स्टीनबॉक नावाचा जीवरसायनशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होता. तो याच राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. किरण मुलांवर सोडण्याऐवजी अन्नावरच सोडले तर काय होईल, हे त्याने तपासले. अतिनील किरण दिलेले खाद्य खाऊन उंदरांचा मुडदूस हटला. 1924 मध्ये त्याने आर्ची ब्लॅक या सहकाऱ्यासह हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस आणि मिल्ड्रेड वाइनस्टॉक हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते. स्टीनबॉकने आणखी एक गोष्ट केली. पदरचे सुमारे 300 डॉलर घालून त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

प्राध्यापकाने पेटंट घ्यावे हे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. त्याच्याच विभागातले वयोवृद्ध स्टीफन बॅबकॉक यांचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. दुधातली स्निग्धता मोजण्याची सोपी पद्धत त्यांनी 1890 मध्ये शोधली आणि जगाला फुकट दिली. आपल्याकडे गावच्या डेअरीवर "आज फॅट किती लागली?" असा प्रश्न ऐकू येतो, आम्ल घालून, नळी गरगर फिरवून फॅट वेगळी काढण्याचे तत्त्व बॅबकॉकच्या चाचणीतलेच. या एका चाचणीने दुधात पाणी घालणाऱ्याला आळा बसला आणि प्रामाणिक शेतकऱ्याला योग्य दर मिळू लागला. विद्यापीठाला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, आणि बॅबकॉक यांना त्याचे दुःख नव्हते.

मग स्टीनबॉकने वेगळी वाट का धरली? त्याची कारणे दोन होती. एक, किरणांचे नाव सांगून कुणीही काहीही विकू नये, यासाठी प्रक्रियेवर ताबा हवा होता. दुसरे कारण जरा कमी उदात्त होते. विस्कॉन्सिन हे लोणी आणि चीजचे राज्य. वनस्पतिजन्य व प्राणिजन्य चरबीपासून बनणारे स्वस्त मार्गरीन हा तिथल्या शेतकऱ्याचा वैरी. लोण्यात जे जीवनसत्त्व आहे तेच किरण देऊन मार्गरीनमध्ये आले, तर लोणी कोण घेणार? पेटंट हाती असले तर मार्गरीनवाल्यांना ते नाकारता येईल, असा हिशेब त्यात होता. या दुसऱ्या कारणाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

*

क्वेकर ओट्स कंपनीने या हक्कासाठी देऊ केलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या घरातली होती, असे सांगितले जाते. स्टीनबॉकने ती घेतली नाही. त्याने पेटंट विद्यापीठाला देऊ केले. पण कारभारी मंडळ पेटंटचा व्यापार अंगावर घ्यायला उत्सुक नव्हते. राज्य विद्यापीठाने परवाने विकायचे, कज्जे लढवायचे, हे त्यांना झेपण्यासारखेही नव्हते.

त्याच सुमारास विद्यापीठात दुसरे वादळ उठले होते. विस्कॉन्सिन हे मक्तेदारीविरोधी राजकारणाचे माहेरघर. ऑगस्ट 1925 मध्ये कारभारी मंडळाने ठराव केला, की रॉकफेलरसारख्या धनाढ्यांनी स्थापलेल्या न्यासांकडून विद्यापीठ यापुढे देणग्या घेणार नाही. तेलाच्या मक्तेदारीतून आलेला पैसा ज्ञानाला बाटवेल, ही भूमिका. तत्त्वाला धरून होती, पण तिची किंमत प्रयोगशाळांना मोजावी लागणार होती. राज्याचा पैसा अध्यापनाला जेमतेम पुरणारा, धनिकांचा पैसा नाकारलेला. मग नव्या संशोधनाला उरते काय? मंडळाने हा ठराव 1930 मध्ये मागे घेतला. तोवर दुसरी वाट सापडली होती.

ती काढली चार्ल्स स्लिक्टर या गणितज्ञाने. ते पदव्युत्तर शाखेचे अधिष्ठाता होते. त्यांनी विद्यापीठाच्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांना गाठले. त्यांत शिकागोचे वकील जॉर्ज हेट प्रमुख. नऊ जणांनी प्रत्येकी 100 डॉलर घातले आणि 14 नोव्हेंबर 1925 रोजी वार्फची नोंदणी झाली. विद्यापीठाहून कायद्याने वेगळी, पण विद्यापीठासाठीच असलेली संस्था. स्टीनबॉकने आपले पेटंट-हक्क तिच्या स्वाधीन केले. मिळकतीतला 15 टक्के वाटा त्याचा, बाकीचा निधीचा.

ही कल्पना अगदीच आभाळातून पडलेली नव्हती. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कारखान्यांच्या धुरातली धूळ विजेच्या साह्याने वेगळी काढण्याचे यंत्र शोधले होते. त्याच्या पेटंटांतून 1912 मध्ये त्यांनी 'रिसर्च कॉर्पोरेशन' स्थापन केली. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनला सुरुवातीच्या दिवसांत या संस्थेने पैसे पुरवले. टोरांटोत तर ताजे उदाहरण होते: 1923 मध्ये बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनचे पेटंट-हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले होते. विस्कॉन्सिनने यात आपली एक भर घातली, आणि माझ्या मते या साऱ्या कथेत तीच सर्वांत मोलाची आहे.

ती अशी. पैसा मिळवणारे आणि पैसा वाटणारे हात त्यांनी वेगळे ठेवले. परवाने देणे, आलेली रक्कम रोख्यांत आणि समभागांत गुंतवणे, कोर्टात उभे राहणे हे काम वार्फच्या विश्वस्तांचे. ती व्यवहारी माणसे होती. वर्षाच्या शेवटी ते एक रक्कम विद्यापीठाच्या हवाली करत. ती कुणाला द्यायची हे मात्र प्राध्यापकांचीच समिती ठरवी. 'ड' जीवनसत्त्वाचा पैसा 'ड' जीवनसत्त्वावरच खर्च व्हावा असे बंधन नव्हते. पुन्हा नफा मिळवून देईल अशाच विषयाला द्यावा, असेही नव्हते. शेतकरी कणगीतून बियाण्यापुरते धान्य बाजूला काढतो, पण पुढच्या वर्षी कुठल्या वाफ्यात काय लावायचे ते पाऊसपाणी पाहून ठरवतो. त्यातलीच ही रीत.

*

क्वेकर ओट्सला अखेर 1927 मध्ये रीतसर परवाना मिळाला. पुढे दूध आणि औषधांच्या कंपन्या आल्या. किरण दिलेले दूध घरोघर पोचले आणि मुडदूस अमेरिकेतून जवळजवळ दिसेनासा झाला. निधीत पैसा जमू लागला तो नेमका महामंदीच्या तोंडावर. राज्याने विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाला कात्री लावली तेव्हा तरुण संशोधकांना टिकवून धरायला वार्फचा पैसा कामी आला.

त्या काळातल्या एका नेमणुकीची हकीकत मला फार बोलकी वाटते. 1933 मध्ये वार्फने पाच वर्षे दरसाल 8,000 डॉलर देऊन एक नवे अध्यासन उभे केले. विषय होता वन्यजीव व्यवस्थापन, जो तोवर विद्यापीठीय विषय म्हणून कुणी धरलेलाच नव्हता. त्यावर आले आल्डो लिओपोल्ड. माणसाने जमिनीशी मालकासारखे नव्हे तर बिरादरीतल्या सभासदासारखे वागावे, हा त्यांचा विचार पुढे पर्यावरण चळवळीचा पाया ठरला. या अध्यासनातून एकही पेटंट निघणार नव्हते. किरण दिलेल्या ओट्सच्या पैशावर पाखरे, रानटी ससे आणि पडीक माळ यांचा अभ्यास झाला.

आणि त्याच 1933 च्या फेब्रुवारीत, हिमवादळाच्या एका शनिवारी, सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकून एक शेतकरी मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठलेले रक्त आणि पन्नासेक किलो बुरशी आलेला चारा. त्याची गुरे रक्तस्राव होऊन मरत होती. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय सुट्टीमुळे बंद. म्हणून तो उघडे दिसलेल्या दारातून आत शिरला. ती कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा होती. ओलसर राहून बुरसलेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्याने असे होते, एवढे पशुवैद्यांना दहा-बारा वर्षांपासून ठाऊक होते. चाऱ्यातले कोणते द्रव्य हे करते, ते कुणालाच माहीत नव्हते. "तो चारा घालू नका" याखेरीज लिंक त्या दिवशी त्याला काही सांगू शकले नाहीत.

ते द्रव्य स्फटिकरूपात हाती यायला जून 1939 उजाडला. मधली सहा वर्षे लिंक आणि त्यांचे विद्यार्थी सशांचे रक्त काढून, ते किती वेळात गोठते ते मोजत बसले होते. कुणी विचारले असते की यातून काय निघेल, तर प्रामाणिक उत्तर "माहीत नाही" हेच असते. सापडलेले द्रव्य म्हणजे डायकूमरॉल. 1940 च्या दशकात ते रुग्णांची रक्ते पातळ करण्यासाठी वापरात आले. पुढे लिंक क्षयाने आरोग्यधामात पडून असताना उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचत होते. आपण तयार केलेल्या भावंड-रसायनांपैकी एखादे उंदरांवर चालेल असे त्यांच्या मनात आले. यादीतले 42 वे रसायन निवडले गेले. या कामाला वार्फचा आधार होता, म्हणून 1948 मध्ये नाव ठरले वॉरफरिन.

उंदराचे विष माणसाला द्यायला डॉक्टर धजत नव्हते. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका जवानाने आत्महत्येसाठी ते खाल्ले आणि 'के' जीवनसत्त्व देऊन तो वाचला. म्हणजे या विषाला उतारा होता. 1954 मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर हेच औषध दिले गेले.

*

आता नाण्याची दुसरी बाजू. मार्गरीनवाल्यांना परवाना नाकारण्याचे धोरण वार्फने खरोखरच पाळले. मार्गरीन कोण खात होते? ज्यांना लोणी परवडत नव्हते ते. मुडदूस कुणाच्या मुलांना होत होता? बहुतांशी त्यांच्याच. म्हणजे मुलांना वाचवणारा शोध, तो जिथे सर्वांत निकडीचा तिथेच, गवळ्यांच्या हितासाठी अडवून धरला गेला. एका खटल्यात 1940 च्या दशकात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने स्टीनबॉकची पेटंटे अवैध ठरवली. सूर्यप्रकाशात गवत वाळवणारे शेतकरी नकळत हेच करत आले आहेत, असा मुद्दाही त्यात निघाला. मार्गरीनला दिलेल्या नकारावर आणि त्यामुळे गरिबांच्या होणाऱ्या नुकसानीवर न्यायाधीशांनी बोट ठेवले. ज्या विद्यापीठाने रॉकफेलरचा पैसा मक्तेदारीचा म्हणून नाकारला होता, त्याच्याच निधीवर मक्तेदारीचा ठपका आला. (विस्कॉन्सिनमध्ये रंग दिलेल्या मार्गरीनच्या विक्रीवरची बंदी तर 1967 पर्यंत उठली नव्हती.)

वार्फ यातून सावरला, कारण आलेला पैसा त्याने खाऊन न टाकता गुंतवला होता. आज ही गंगाजळी अब्जावधी डॉलरची आहे. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मॅडिसनमध्येच मानवी भ्रूणाच्या मूलपेशी प्रथम वेगळ्या केल्या. भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा देण्यास तिथल्या कायद्याने मनाई होती. थॉमसन यांचे काम गेरॉन ही कंपनी आणि सरकारी तिजोरीबाहेरचा विद्यापीठीय पैसा यांवर झाले. त्याही पेटंटांवर 2006 मध्ये आक्षेप घेतले गेले: इतर संशोधकांची वाट ही अडवतात, अशीच तक्रार. ऐंशी वर्षांनी तोच वाद.

1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट घेण्याची मुभा अमेरिकेतल्या सर्व विद्यापीठांना दिली. तो घडवण्यात वार्फचे वकील हॉवर्ड ब्रेमर यांचा हात होता. त्यानंतर विद्यापीठोविद्यापीठी पेटंट कचेऱ्या निघाल्या. पण बहुतेकांचा अनुभव असा, की एखादे पेटंट लॉटरीसारखे लागते आणि बाकीच्यांतून कचेरीचा खर्चही निघत नाही. विस्कॉन्सिनचे पेटंट नकलण्याजोगे नव्हते. नकलण्याजोगी होती ती दोन हात वेगळे ठेवण्याची शिस्त, आणि नेमकी तीच फारशी उचलली गेली नाही.

*

विद्या विकावी का, हा आपल्याकडे जुना आणि हळवा प्रश्न. जगदीशचंद्र बसूंना पेटंटची कल्पनाच रुचत नव्हती. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाखातर 1904 मध्ये त्यांच्या नावे एक अमेरिकी पेटंट झाले, तेही त्यांनी पुढे चालवले नाही. 1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात स्वतःची संस्था काढली ती आपल्या पुंजीवर आणि लोकांच्या वर्गणीवर. त्याआधी 1876 मध्ये महेंद्रलाल सरकार यांनी तिथेच देणग्या गोळा करून विज्ञानसंवर्धनाची संस्था उभारली होती. सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे रामन कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन प्रयोग करत. रामन परिणामाला जागा मिळाली ती वर्गणीदारांच्या इमारतीत. त्याच धर्तीवर पुण्यात 1946 मध्ये शंकर आघारकर प्रभृतींनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापली. मुंबईपुरते बोलायचे तर 12 मार्च 1944 रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. अणुशक्ती ही तेव्हा कारखान्याची नव्हे, कागदावरची गोष्ट होती. ट्रस्टने ते मानले आणि 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली.

म्हणजे सिद्ध न झालेल्या कल्पनेवर पैसा लावणारे लोक आपल्यातही होते. फरक इतकाच, की आपला पैसा दानाचा होता. दान एकदा मिळते. ते पुन्हा पेरायची व्यवस्था आपण विद्यापीठांत बांधली नाही. बे-डोलच्या धर्तीवरचे विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत आले होते. पुढे ते मागे घेण्यात आले. 2023 च्या कायद्याने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचे लक्ष्य आहे, आणि त्यातला मोठा भाग, सुमारे 36,000 कोटी, सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे.

तो आला तर आनंदच आहे. पण विस्कॉन्सिनची कथा हाताशी ठेवून विचारायला हवे: पैसा देणारा आणि विषय ठरवणारा एकच असणार का? ज्या तरुण प्राध्यापकाकडे अजून आकडे नाहीत, फक्त शंका आहे, त्याच्या वाट्याला यातले काही येणार का? आणि लागलेला शोध परवडत नसलेल्या माणसापर्यंत पोचेल, हे कोण पाहणार? स्टीनबॉकच्या निधीने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली दिली आणि तिसऱ्यात तो नापास झाला.

हिमवादळातून आलेला तो शेतकरी कॅन आणि चारा तिथेच ठेवून रिकाम्या हाताने परत गेला. त्याच्या गुरांसाठी त्या दिवशी कुणाकडे औषध नव्हते. पण त्या कॅनमधल्या रक्ताकडे सहा वर्षे पाहत बसण्याची मुभा एका प्रयोगशाळेला होती. आपल्या विद्यापीठांत अशी किती दारे शनिवारी दुपारी उघडी असतात, आणि आत बसलेल्या माणसाला सहा वर्षे कोण देते, यावर पुढच्या पिढीच्या औषधपेटीत काय असेल ते ठरणार आहे.